पैसे जाताना दोन सेकंद, येताना सात दिवस

कुणी हा भाग लोकलमध्ये उभं राहून ऐकत असेल, कुणी पीएमपीच्या खिडकीशी बसून, कुणी रात्री भांडी घासता घासता. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे सगळं इथे लिहून ठेवलंय. थोडं नीटनेटकं केलंय, पण बोलणं ते बोलणंच.

आज विषय पैसा, फोन आणि नोकरी. सुरुवात एका साध्या प्रश्नाने करूया. तुम्ही ऑनलाइन एक शर्ट घेतलात. पैसे जायला किती वेळ लागला? पिन टाकला, टिंग झालं, गेले. दोन सेकंद. शर्ट घट्ट झाला म्हणून परत केलात. आता पैसे परत यायला किती वेळ? "पाच ते सात कामकाजाचे दिवस." म्हणजे त्यात शनिवार-रविवार आला की अजून पुढे. पैसे तेच, फोन तोच, बँकही तीच. मग जाताना दोन सेकंद आणि येताना सात दिवस, हे कसं काय?

आता काही कारणं खरी असतात. परत आलेली वस्तू तपासावी लागते, मधल्या दोन-तीन संस्थांचा हिशोब जुळावा लागतो. मान्य. पण जरा बारकाईने बघा. तुमच्या खिशातून बाहेर जाणारा प्रत्येक रस्ता गुळगुळीत केलेला आहे. खिशात येणाऱ्या रस्त्यावर मात्र अजून खड्डे आहेत. आज मला एवढंच सांगायचंय: बाहेर जाणाऱ्या रस्त्यावर पूर्वी जे गतिरोधक होते, ते कुणीतरी काढून टाकलेत. ते आपले आपणच परत बसवायचे आहेत.

थांबा, लगेच "जुनं ते सोनं" सुरू करतोय असं समजू नका. बँकेत पितळेचं टोकन घेऊन तासभर बसणं, स्लिपवर सही जुळली नाही म्हणून परत पाठवणं, त्यात सोनंबिनं काही नव्हतं. यूपीआय ही फार मोठी गोष्ट आहे. ११ एप्रिल २०१६ ला रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असताना ते सुरू झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त व्यवहार त्यावर झाले. वडापाववाल्याला आता सुट्ट्यांसाठी भांडावं लागत नाही. किराणा दुकानात दोन रुपयांऐवजी चॉकलेट हातात पडत नाही. गावी आईला पैसे पाठवायला मनीऑर्डर लागत नाही. हे सगळं चांगलंच आहे.

पण एक गोष्ट हरवली. पूर्वी किराणावाल्याकडे उधारीची वही असायची, आठवते? वही काढताना तो एकदा तुमच्याकडे बघायचा. म्हणायचा, "मागचे साडेचारशे राहिलेत हां." बस, एवढंच. कुठलाही कायदा नाही, ओटीपी नाही. पण त्या नजरेपुढे माणूस बिस्किटाचा दुसरा पुडा परत ठेवायचा. आता उधारी अ‍ॅपवर मिळते आणि अ‍ॅपला डोळे नसतात. उलट ते म्हणतं, "अभिनंदन! तुम्ही ५०,००० साठी पात्र आहात." कर्ज मिळाल्याबद्दल अभिनंदन! आपल्या आजोबांनी हे ऐकलं असतं तर त्यांना वाटलं असतं नातू परीक्षा पास झाला.

आता आकड्यांत शिरूया. पहिला मुद्दा, नो कॉस्ट ईएमआय. ३०,००० चा फोन, सहा हप्ते, महिन्याला ५,०००. सहा पंचे तीस. व्याज कुठेय? दिसत नाही. पण बँक फुकट कर्ज देत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. मग होतं काय? समजा व्याज वर्षाला १५ टक्के आहे. दुकानदार किंवा कंपनी तुम्हाला साधारण १,२७० रुपयांची सूट देते. कर्ज होतं २८,७३० चं. त्यावर सहा महिन्यांचं व्याज होतं तेच १,२७०. सूट आणि व्याज एकमेकांना खाऊन टाकतात. राहतं काय, तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे २२९ रुपये. आणि प्रोसेसिंग फी समजा १९९ अधिक जीएसटी, म्हणजे २३५. झाले ४६४. आणि ती सूट रोख पैसे देऊन मिळाली असती का, हे आपण विचारलेलंच नसतं.

तुम्ही म्हणाल, ४६४ रुपयांसाठी एवढं काय? बरोबर. खरी अडचण तिथे नाहीच. खरी अडचण अशी की पुढच्या सहा पगारांतले पाच-पाच हजार कुठे जाणार, हे तुम्ही दहा सेकंदांत ठरवून टाकलंत. एक फोन, एक इअरबड, एक गोव्याची ट्रिप, एक बाईकची सर्व्हिस. प्रत्येक हप्ता एकेकटा बघितला तर लहान. पण एक तारखेला पगार येतो आणि पाच तारखेला तो आपला राहत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात ना? आता अंथरूणसुद्धा हप्त्यावर मिळतं, म्हणून पाय किती लांब गेलेत ते कळत नाही.

दुसरा मुद्दा, सबस्क्रिप्शन. चालू करायला एक टॅप. बंद करायला सेटिंग्ज, मग अकाउंट, मग प्लॅन, मग "तुम्ही खरंच जाताय?", मग रडका चेहरा, मग "एक महिना निम्म्या किमतीत". हे चुकून झालेलं नसतं. कुणीतरी बसून, पगार घेऊन, ते तसं बनवलेलं असतं. याला डार्क पॅटर्न म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला असे १३ प्रकार यादी करून सांगितले आणि त्यांना मनाई केली. तुम्ही न मागता टोपलीत टाकलेला विमा किंवा दान, "फक्त दोनच उरलेत" अशी खोटी घाई, शेवटच्या पानावर उगवणारे जादा चार्जेस, आणि सुटताच येणार नाही असं सबस्क्रिप्शन, सगळं त्या यादीत आहे. नाव माहीत असलं की चोर ओळखता येतो, म्हणून सांगितलं.

यात रिझर्व्ह बँकेने एक छोटा गतिरोधक बसवलाय. १ ऑक्टोबर २०२१ पासून, आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना २४ तास आधी यायला लागते. आता तुम्ही सांगा, ते मेसेज वाचतो कोण? तीनशे न वाचलेल्या मेसेजमध्ये तो दबलेला असतो. म्हणून हा मुद्दा लक्षात ठेवा: जो अडथळा एका टॅपमध्ये बाजूला सरतो, तो अडथळाच नाही. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आता सांगतो.

तिसरा मुद्दा, एफ अँड ओ. फ्युचर्स आणि ऑप्शन्स. ऑफिसच्या चहाच्या टपरीवर हल्ली क्रिकेटपेक्षा यावर जास्त बोलणं होतं. कुणीतरी हिरव्या आकड्यांचा स्क्रीनशॉट दाखवतो. लाल आकड्यांचा कुणी दाखवत नाही. सेबीने तो लाल स्क्रीनशॉट सगळ्या देशासमोर ठेवला. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ अशी तीन वर्षं बघितली. एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर. त्यातले ९३ टक्के तोट्यात. तोट्यातल्या माणसाचा सरासरी तोटा, खर्च धरून, सुमारे २ लाख रुपये. सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर.

पण मला झोंबलेला आकडा वेगळाच आहे. तिशीच्या आतल्या ट्रेडरचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. आणि तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न ५ लाखांच्या आत सांगितलं होतं. ५ लाखांच्या आतलं उत्पन्न आणि सरासरी २ लाखांचा तोटा, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. त्यात कुणाच्या बहिणीची फी असेल, कुणाच्या घराचं डिपॉझिट असेल.

आता तो एका टॅपचा अडथळा. २०२३ पासून ब्रोकरच्या अ‍ॅपवर लॉगिन केलं की इशारा येतो, "दहापैकी नऊ जणांचा तोटा होतो." खाली बटण असतं. आपण बटण दाबतो आणि पुढे जातो. सिगारेटच्या पाकिटावरच्या चित्रासारखं आहे ते, ओढणाऱ्याला चित्र दिसेनासं होतं. मग नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने जरा जाड गतिरोधक टाकले. एका कराराचा किमान आकार १५ लाखांवर नेला, दर आठवड्याच्या एक्स्पायरी प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकापुरत्या ठेवल्या. तरी २०२४-२५ चा हिशोब आला तेव्हा ९१ टक्के लोक तोट्यातच होते. बाजार वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या खेळात शंभरातले नव्वदहून जास्त हरतात, तो खेळ खिशात २४ तास घेऊन फिरायचा का, हा प्रश्न तरी स्वतःला विचारा.

इथपर्यंत पैशाबद्दल बोललो. आता नोकरीकडे येतो, कारण गोष्ट तीच आहे. पैशासारखा वेळही फोनमधून बाहेर वाहतो, आणि त्याला तर पिनसुद्धा लागत नाही. रात्री साडेदहाला ग्रुपवर येतं, "जरा बघून घे ना, दोन मिनिटांचं काम आहे." शेवटी ते "ना" लावलेलं असतं, त्यामुळे ती विनंती वाटते. दोन मिनिटांचं काम चाळीस मिनिटं खातं. पूर्वी साहेबाला रात्री काम सांगायचं तर घरी माणूस पाठवावा लागायचा, नाहीतर लँडलाइन लावावा लागायचा आणि तो तुमचे वडील उचलायचे. केवढा मोठा गतिरोधक होता तो!

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलपासून सुटका मिळण्याचा हक्क कायद्यात आला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तशा अर्थाचं खासगी विधेयक मांडलंय, पण कायदा अजून नाही. मात्र आपल्या राज्यात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. तो आठवड्याला ४८ तासांच्या वर कामाला ओव्हरटाइम धरतो आणि त्याचा दर दुप्पट ठेवतो. व्यवस्थापकाच्या पदावर असलेल्यांना तो लागू होत नाही. म्हणूनच की काय, तिशीच्या आत अनेकांच्या नावापुढे "मॅनेजर" लागलेलं असतं आणि हाताखाली कुणीच नसतं. हसू नका, कार्ड काढून बघा.

आता पैसा आणि वेळ एकत्र करूया. कागद घ्या. समजा हातात पडणारा पगार ३०,०००. दिवसाचे ९ तास, महिन्याचे २६ दिवस, झाले २३४ तास. तासाला १२८ रुपये. बरं वाटतं. आता जाण्यायेण्याचे रोज २ तास धरा, कारण हायवेवर किंवा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही काही सहलीला गेलेले नसता. आणि रात्रीच्या त्या "जरा बघ ना"चा रोज १ तास. एकूण ३१२ तास. आता तासाचा दर पडतो ९६ रुपये. म्हणजे तो ३०,००० चा फोन ३०,००० चा नाही, ३१२ तासांचा आहे. महिनाभर सकाळी सातला उठलात, लोकलला लटकलात, साहेबाचं ऐकलंत, त्या सगळ्याच्या बदल्यात तो एक फोन. तरीही घ्यावासा वाटला तर खुशाल घ्या! मग तो घेतल्याचा आनंदही होईल. फक्त किंमत रुपयांत न वाचता तासांत वाचायची. मला हा सगळ्यात भक्कम गतिरोधक वाटतो, आणि तो बसवायला कुठलंही अ‍ॅप लागत नाही.

आता काय करायचं ते सांगतो. सगळं करू नका, एखाद-दोन गोष्टी करा.

एक. दोन खाती ठेवा. पगाराच्या खात्याला यूपीआय जोडूच नका. खर्चाचं खातं वेगळं, त्यात दर सोमवारी आठवड्याचे पैसे टाका. शुक्रवारी ते संपले तर संपले. पाकीट रिकामं झालेलं पूर्वी हाताला कळायचं, आता कळत नाही. ही युक्ती ते परत कळवते.

दोन. साठवण्याच्या रस्त्यावरचे खड्डे मात्र बुजवा. आपोआप कापलं जाणं वाईट नसतं, ते कुणाकडे जातं यावर सगळं आहे. पगार एक तारखेला येत असेल तर दोन तारखेला आरडी किंवा एसआयपी कापली जाऊ दे. दोन हजार असोत नाहीतर पाचशे. ज्या यंत्राने तुमच्याकडून पैसे काढले, तेच यंत्र तुमच्यासाठी राबवा.

तीन. पीएफ काढू नका. पगाराची स्लिप बघून "हे १,८०० कशाला कापतात" असं प्रत्येकाला वाटतं. मूळ पगार १५,००० धरला तर तुमचे १,८०० आणि कंपनीचेही १,८००. कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शनला जातात, ५५० पीएफमध्ये येतात. म्हणजे दर महिन्याला २,३५० जमा. २०२४-२५ साठी व्याजदर ८.२५ टक्के होता. तोच टिकला असं धरलं, तर दहा वर्षांत सव्वाचार लाखांच्या आसपास रक्कम होते. नोकरी बदलली की लोक ती काढून टाकतात आणि ती एखाद्या सहलीत जाते. काढू नका, नव्या नोकरीत ट्रान्सफर करा. आणि आधारवरचं नाव आणि पीएफमधलं नाव जुळतंय का, ते आत्ताच बघा. गरज पडेल तेव्हा तोच खड्डा आडवा येतो.

चार. रात्रीच्या कामाबद्दल भांडायला जाऊ नका, तसं सगळ्यांना परवडत नाही. घरची परिस्थिती मला कळते. पण एक करता येतं. उत्तर सकाळी द्या, आणि शांतपणे द्या: "आत्ता बघितलं, अकरापर्यंत करून देतो." दहापैकी आठ वेळा जग बुडालेलं नसतं. तुम्ही रात्री उत्तर देता, म्हणून तुम्हाला रात्री विचारलं जातं.

आता एक प्रश्न मला नक्की येणार. "दादा, पगारच अठरा हजार आहे, भाडं सात हजार, त्यात कसले गतिरोधक आणि कसली एसआयपी?" प्रश्न रास्त आहे. कमी पगारावर बचतीचं भाषण हा उपाय नव्हे, आणि चहा सोडल्याने कुणी श्रीमंत झालेलं मी बघितलेलं नाही. तिथे उपाय म्हणजे पगार वाढणं, आणि त्यासाठी नोकरी बदलणं, नवीन काम शिकणं, चार जणांनी मिळून बोलणं. पण एक ध्यानात घ्या. ज्याचे पुढचे सहा पगार हप्त्यांत बांधलेले असतात, तो वाईट नोकरी सोडू शकत नाही. साहेबाला हे बरोबर कळतं. तुमच्याकडे दोन महिन्यांचा खर्च बाजूला असेल, तर त्याच साहेबाशी बोलताना तुमचा आवाज वेगळा लागतो. म्हणून मला या विषयाचं एवढं पडलंय. श्रीमंत होणं वगैरे नंतर बघू. "नाही" म्हणता येण्याइतके पैसे हाताशी असणं, ही पहिली पायरी.

आपल्याकडे बायका वर्षानुवर्षं भिशी चालवत आल्यात. दर महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठीत नाव निघेपर्यंत हात लावायचा नाही, आणि हप्ता चुकवला तर दहा जणींसमोर सांगायचं. म्हणजे माणसांचाच गतिरोधक. तिच्यात धोका आहे, ओळखीच्या आणि भरवशाच्या लोकांतच ती चालते. पण त्यातली युक्ती खरी आहे: पैशाच्या बाबतीत एकट्याच्या निश्चयापेक्षा चार जणांची नजर जास्त काम करते.

तर आज रात्रीचं काम देतो. एका मित्राला किंवा मैत्रिणीला बरोबर घ्या. दोघांनी आपापलं यूपीआय अ‍ॅप उघडा, त्यात ऑटोपेचं पान शोधा, आणि यादी मोठ्याने वाचून दाखवा. किती रुपये, कशासाठी, शेवटचं कधी वापरलं. ज्याचं उत्तर देताना लाज वाटेल ते तिथल्या तिथे बंद करा. काय काय सापडलं ते मला व्हॉइस नोट करून पाठवा, नाव न घेता पुढच्या भागात वाजवीन.

पुढच्या वेळी बोलूया सीटीसीबद्दल, म्हणजे ऑफर लेटरवर सहा लाख दिसतात आणि हातात त्यापेक्षा बरेच कमी येतात, ते नेमके कुठे जातात यावर. तोवर सांभाळून राहा, वेळेवर जेवा. येतो.